कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी दुसऱ्यांच्या ब्लॉगवर लिहिताना

एका लेखिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची पहिली कादंबरी दोन महिन्यांनी प्रकाशित होत आहे. सोलापुरातील एका तेलुगूभाषक विणकर कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ती कथा आहे. आजोबा हातमागावर बसलेले, वडील यंत्रमागाच्या कारखान्यात आणि आई घरी विड्या वळणारी. प्रसिद्धीसाठी वेगळी तरतूद करता येणार नाही, असे प्रकाशकांनी आधीच स्पष्ट केले आहे. इतर लेखकांच्या ब्लॉगवर पाहुणे लेख लिहावेत, असा सल्ला परिचितांनी दिला आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर किती लेख, कोठे आणि कसे लिहावेत, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी गेली अनेक वर्षे मराठी पुस्तकांच्या संपादनाचे आणि प्रसिद्धीचे काम करतो, आणि पुस्तकांविषयीचा एक ब्लॉगही चालवतो. त्यामुळे पाहुणा लेख पाठवणारा आणि पाहुणा लेख स्वीकारणारा, अशा दोन्ही नात्यांनी हा व्यवहार मी जवळून पाहिला आहे. माझे उत्तर असे आहे की, उपयोग निश्चित होतो. मात्र परिचितांनी दिलेल्या सल्ल्यातील ‘इतर लेखकांच्या’ या शब्दांपाशी आपण थोडे थांबावे. लेखकांचे ब्लॉग बहुतांशी लेखक आणि लेखक होऊ इच्छिणारे लोक वाचतात. त्यांच्यापैकी काही जण पुस्तक विकत घेतील, काही जण सदिच्छा म्हणून अभिनंदनाचे दोन शब्द लिहितील, आणि बरेच जण आपले स्वतःचे पुस्तक कसे पुढे न्यावे हे शिकण्यासाठी आपला लेख वाचतील. आपल्या कादंबरीचा खरा वाचक बहुधा दुसरीकडे बसलेला आहे. तो सोलापूर सोडून पुण्यात किंवा परदेशात गेलेला असेल, त्याला हातमागाच्या कापडाची आवड असेल, भाषांच्या सरमिसळीविषयी कुतूहल असेल, किंवा तो कामगार चळवळीचा इतिहास वाचत असेल. तो ज्या ब्लॉगवर त्याच्या आवडीच्या विषयासाठी जातो, तेथे आपण जायला हवे. म्हणून माझा सल्ला असा की, पाच लेख लिहिणार असाल तर त्यांतील एक किंवा फार तर दोन लेखकांच्या ब्लॉगवर असावेत आणि उरलेले विषयाच्या ब्लॉगवर.

हे मी एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कादंबरीसाठी आम्ही इंग्रजी प्रकाशनविश्वातील ‘ब्लॉग टूर’ची पद्धत जशीच्या तशी उचलली. प्रकाशनाच्या पंधरवड्यात दररोज एका वेगळ्या लेखकाच्या ब्लॉगवर कादंबरीकाराचा लेख किंवा मुलाखत यावी, अशी योजना होती. लेख ठरल्याप्रमाणे आले, प्रतिक्रियाही आल्या. परंतु आठव्या-नवव्या दिवशी माझ्या लक्षात आले की, सगळीकडे प्रतिक्रिया देणारे तेच वीस-पंचवीस लोक आहेत. मराठीतील लिहिणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे आणि एकमेकांचे ब्लॉग वाचणारी मंडळी तीच ती असतात. इंग्रजीत पंधरा ब्लॉगचे पंधरा वेगळे वाचकसमूह असू शकतात. आमच्या बाबतीत एकाच समूहाला पंधरा वेळा तीच बातमी सांगितली गेली, आणि शेवटी शेवटी तर त्या मंडळींना संकोचही वाटू लागला. त्या कादंबरीकाराने पंधरा दिवस रात्री जागून लिहिलेले लेख असे वाया गेलेले पाहून मला फार वाईट वाटले होते.

ब्लॉग निवडताना वाचनसंख्येचे आकडे विचारत बसू नये, कारण ते सहसा मिळत नाहीत आणि मिळाले तरी त्यांवरून वाचक कोण आहे हे कळत नाही. त्याऐवजी मागील सहा महिन्यांतील नोंदी शांतपणे वाचाव्यात. शेवटची नोंद कधीची आहे, प्रतिक्रियांमध्ये लोक प्रश्न विचारतात की केवळ ‘छान लेख’ म्हणून निघून जातात, ब्लॉगचालक उत्तरे देतो का, एखाद्या वाचकाने स्वतःची आठवण किंवा माहिती जोडली आहे का, या गोष्टी पाहाव्यात. ज्या ब्लॉगवर वाचक ‘आमच्या गावी याला असे म्हणतात’ असे लिहितात, तो ब्लॉग थोड्या लोकांचा असला तरी कादंबरीसाठी मोलाचा असतो, कारण तेथील लोक वाचलेले पुढे सांगतात. आज मराठीत एखादा लेख खऱ्या अर्थाने पसरतो तो व्हॉट्सॲपच्या गटांतून, आणि तेथे तो पोहोचवणारे हेच वाचक असतात.

आता लेख कशावर लिहावा, याविषयी सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण चुकतात ते येथेच. ‘मी ही कादंबरी का लिहिली’ हा विषय पहिल्या कादंबरीच्या लेखकाने टाळावा. हा प्रश्न कादंबरी वाचून झालेल्या माणसाला पडतो. ज्याने आपले नावही ऐकलेले नाही, त्याला तो पडण्याचे कारण नाही. त्याऐवजी कादंबरी लिहिताना आपल्याला जे शोधावे, विचारावे आणि पडताळावे लागले, त्यातील एक तुकडा उचलून त्यावर स्वयंपूर्ण लेख लिहावा. तो असा हवा की, वाचकाने कादंबरी कधीही घेतली नाही तरी लेख वाचल्याचे समाधान त्याला मिळावे. आपल्या कादंबरीत असे तुकडे भरपूर आहेत.

पहिला भाषेचा. सोलापुरातील पद्मशाली या विणकर समाजाच्या कुटुंबांत घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि कन्नड, कारखान्यात हिंदीही, असे व्यवहार चालतात. अशा घरातील मुलीची मराठी कशी घडते, कोणती क्रियापदे ती तेलुगूच्या वळणाने वापरते, शाळेत तिला कशाबद्दल हसले जाते, हा भाषाविषयक ब्लॉगचा उत्तम विषय आहे. दुसरा मागाचा. ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी हे शब्द ज्या हालचालींचे आहेत, त्या हालचाली आता फार थोड्या वाचकांनी पाहिल्या आहेत. खड्ड्याच्या मागावर बसलेल्या माणसाचे पाय काय करतात आणि हात काय करतात, एवढेच नेमकेपणाने सांगितले तरी हातमागाच्या कपड्यांविषयी लिहिणाऱ्या ब्लॉगचे वाचक तो लेख जपून ठेवतील. तिसरा इतिहासाचा. आपल्या कादंबरीचा पहिला भाग १९३०च्या सुमारास घडतो, असे आपण लिहिले आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. या घटना इतिहासप्रेमी वाचकाला ठाऊक असतात. परंतु त्या दिवसांत एखाद्या विणकराच्या घरात सूत कोठून येत होते, बाजार बंद असताना चूल कशी पेटत होती, घरातली माणसे आपसांत काय कुजबुजत होती, हे कादंबरीकाराने शोधलेले असते आणि ते इतिहासाच्या ब्लॉगवर नवे असते. चौथा विडीचा. तेंदूची पाने भिजवणे, कापणे, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळत राहणे आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या देताना काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जाणे, हे सगळे आपण स्वतःच्या आईच्या शेजारी बसून पाहिले आहे. हा लेख स्त्रियांच्या श्रमांविषयी लिहिणाऱ्या ब्लॉगकडे द्यावा, आणि शक्यतो आईच्या शब्दांत लिहावा.

आणि लेखकांच्या ब्लॉगसाठी पाचवा विषय राखून ठेवावा. घरात तेलुगू बोलणाऱ्या पात्रांचे संवाद मराठी कादंबरीत कसे लिहावेत? ते शुद्ध मराठीत लिहिले तर घर खोटे वाटते, तेलुगू शब्द पेरले तर वाचक अडखळतो, आणि बोलीत लिहिले तर पात्रे मराठीच बोलत आहेत असा समज होतो. आपण यावर कोणता उपाय केला, आधी कोणते सोडून दिले, एकच संवाद तीन खर्ड्यांत कसा बदलला, हे उदाहरणासह दाखवले तर लिहिणाऱ्या वाचकाला त्यातून थेट काही मिळेल. लेखकांच्या ब्लॉगवर कारागिरीचाच लेख द्यावा. तेथे कादंबरीचा परिचय कोणी मागितलेला नसतो.

मराठीत ही रीत नवी नाही, याचा मला मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः वाचकांकडे गेल्या, आणि १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून आजपर्यंत कितीतरी कादंबरीकारांची पहिली ओळख वाचकाला दिवाळी अंकातूनच झाली आहे. नियतकालिकातून आधी चांगले लिहून दाखवायचे आणि मग वाचक पुस्तकापर्यंत येतो, हा क्रम आपल्याकडे शतकाहून जुना आहे. म्हणून यांतील एखादा विषय दिवाळी अंकाच्या संपादकांसाठीही जरूर बाजूला ठेवावा. मात्र दिवाळी अंकांचे साहित्य उन्हाळ्यापासूनच ठरू लागते आणि पावसाळ्यात बहुतेक ठरून जाते, हे लक्षात घेऊन आधीच विचारणा करावी.

ब्लॉगचालकाला पत्र लिहिताना ते प्रत्येकाला वेगळे लिहावे. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी अनेक पत्रांत माझ्या ब्लॉगचे नावही नसते आणि सोबत कादंबरीचे मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर व तीन मान्यवरांचे अभिप्राय जोडलेले असतात. अशा पत्राला मी उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात माझ्या वाचकासाठी काहीच दिलेले नसते. पत्र साधारण असे असावे: ‘आपल्या ब्लॉगवरील सीमाभागातील बोलींवरचा लेख मी वाचला आणि त्याखालील चर्चाही. माझे बालपण सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या घरात गेले. तीन भाषांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलीची मराठी कशी घडते, यावर सुमारे बाराशे शब्दांचा लेख आपल्या वाचकांसाठी लिहावा, असे मनात आहे. याच जगातली माझी कादंबरी लवकरच प्रकाशित होत आहे. लेखाच्या शेवटी तिचा एका ओळीत उल्लेख व्हावा, एवढीच विनंती. विषय आपल्याला योग्य वाटला नाही तर तसे मोकळेपणाने कळवावे.’ एवढे पुरेसे आहे. दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर एकदा नम्रपणे आठवण करावी आणि नंतर तो विषय दुसरीकडे न्यावा. लेख मान्य झाल्याशिवाय पूर्ण लिहू नये, कारण प्रत्येक ब्लॉगचा वाचक वेगळा असल्याने लेखाची सुरुवात आणि माहितीची पातळी त्याप्रमाणे बदलावी लागते.

कादंबरीतील उतारा देण्याचा मोह अनेकांना होतो, आणि काही ब्लॉगचालक स्वतःहूनही तो मागतात. उतारा देण्यास हरकत नाही, परंतु त्यापूर्वी प्रकाशकांशी झालेला करार काढून वाचावा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. आपण डिजिटल प्रकाशनाचे हक्क प्रकाशकांना दिले असतील, तर स्वतःच्या कादंबरीतील प्रकरण दुसऱ्याच्या ब्लॉगवर देण्यासाठीही त्यांची संमती घ्यावी लागेल. ती ईमेलवर घेतलेली बरी. बहुतेक प्रकाशक आनंदाने देतात, पण न विचारता छापल्यास मन दुखावते, आणि पहिल्याच पुस्तकावेळी ते परवडणारे नसते. उतारा पहिल्या प्रकरणातलाच असावा असे नाही. आठशे ते हजार शब्दांत एक प्रसंग सुरू होऊन संपेल आणि मागचेपुढचे माहीत नसतानाही कळेल, असा भाग निवडावा.

उताऱ्याच्या बाबतीत एक तांत्रिक अडचण हमखास येते. अनेक प्रकाशकांकडे पुस्तकाची जुळणी श्रीलिपीसारख्या, स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरणाऱ्या प्रणालीत होते आणि त्या फाइलमधला मजकूर ब्लॉगवर चिकटवला की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरांत, रूपांतरित करून घ्यावा लागतो, आणि रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य, ‘ॲ’, रफार आणि काही जोडाक्षरे बिघडतात. शेवटची मुद्रिते तपासताना केलेल्या दुरुस्त्याही आपल्याजवळच्या मूळ फाइलमध्ये नसतात. म्हणून उतारा छापील पुस्तक शेजारी ठेवून शब्द न् शब्द तपासावा. अशुद्ध उतारा वाचून वाचक पुस्तकही तसेच असेल असे मानतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

लेखाखालील परिचय दोन वाक्यांचा असावा: आपण कोण, आणि कादंबरीचे नाव, प्रकाशक व ती मिळण्याचे ठिकाण. दुवा एकच द्यावा, आणि तो लेख प्रसिद्ध होईल त्या दिवशी चालू असावा. हे सांगण्याचे कारण असे की, छपाई आठ-पंधरा दिवस लांबणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. लेख ठरल्या दिवशी येतो, वाचक दुव्यावर जातो आणि तेथे पुस्तकच नसते. तो वाचक पुन्हा येत नाही. म्हणून बांधणी झालेल्या प्रती वितरकाकडे पोहोचल्याची खात्री झाल्यावरच पहिला लेख प्रसिद्ध करण्याची विनंती करावी, आणि ब्लॉगचालकांना निश्चित तारखेऐवजी आठवडा सांगून ठेवावा. आपला वाचक परदेशातही असणार, आणि तेथे छापील प्रत पाठवण्याचा टपालखर्च कित्येकदा पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो. किंडलवर डिसेंबर २०१६पासून मराठी पुस्तके वाचता येतात, तेव्हा ई-आवृत्ती छापील पुस्तकाबरोबरच निघेल का, हे प्रकाशकांना आजच विचारावे. कादंबरीच्या नावाचे स्पेलिंग रोमन लिपीतही एकदा ठरवून घ्यावे आणि सर्वत्र तेच वापरावे, कारण बरेच मराठी वाचक शोध घेताना रोमन अक्षरेच टंकतात.

शोधयंत्रात वर दिसण्यासाठी शक्य तितक्या ब्लॉगवर दुवे पेरावेत, असा सल्लाही आपल्याला कोणी देईल. तो मानू नये. जानेवारी २०१४मध्ये गुगलच्या वेबस्पॅमविरोधी गटाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी दुव्यांसाठी केले जाणारे पाहुणे लेखन आता सोडून द्यावे, असे जाहीरपणे लिहिले होते, आणि नवे वाचक मिळवण्यासाठी केलेल्या पाहुण्या लेखनाविषयी आपले हे म्हणणे नाही, असेही त्यांनी पुढे स्पष्ट केले होते. एकच लेख थोडाफार बदलून चार ठिकाणी देणे हेही याच कारणासाठी टाळावे. शिवाय ज्याने आपला म्हणून तो लेख छापला, त्या ब्लॉगचालकाचा तो अपमान ठरतो. काही महिन्यांनी तो लेख स्वतःच्या संग्रहात किंवा ब्लॉगवर घेता येईल का, हे मात्र सुरुवातीलाच विचारून ठेवावे.

पैशांविषयी स्पष्ट बोलतो. लेख किंवा परीक्षण छापण्यासाठी काही जण शुल्क मागतात. नवोदिताने ते देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पैसे किंवा मोफत वस्तू घेऊन लिहिलेल्या मजकुरावर तसा उल्लेख करणे अपेक्षित आहे, आणि असा उल्लेख केलेल्या लेखाने कादंबरीला काहीच मिळत नाही. उल्लेख न करता छापलेला लेख ही वाचकाची फसवणूक आहे. परीक्षणासाठी प्रत मोफत द्यावी, ‘प्रत लेखिकेकडून मिळाली’ असे लिहिण्याची विनंती आपणच करावी, आणि परीक्षण कसे असावे याविषयी एक शब्दही बोलू नये. ‘तुम्ही माझ्यावर लिहा, मी तुमच्यावर लिहितो’ हा व्यवहार पैसे न घेता होतो, पण वाचकाला तो ओळखू येतो आणि दोघांच्याही शब्दांचे वजन कमी होते.

लेख प्रसिद्ध झाल्यावर पहिले तीन दिवस आपण तेथे उपस्थित राहावे. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे, कोणी चूक दाखवली तर मान्य करून आभार मानावेत. सोलापूरचा एखादा वाचक ‘आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे’ असे लिहील, तेव्हा त्याच्याशी झालेला संवाद मूळ लेखाइतकाच वाचला जाईल. उत्तरादाखल ‘हे सर्व कादंबरीत आले आहे, जरूर वाचा’ असे मात्र लिहू नये.

परिणाम मोजण्याबाबत फार घाई करू नये. विक्रीचे हिशेब लेखकाला बहुधा वर्षातून एकदा मिळतात, त्यामुळे कोणत्या लेखाने किती प्रती गेल्या हे नेमके कळत नाही. प्रकाशकांकडे थेट येणाऱ्या मागण्या कोणत्या आठवड्यात वाढल्या, एवढे विचारता येते. माझ्या अनुभवात चांगल्या पाहुण्या लेखाचे फळ उशिरा दिसते: कोठल्यातरी ग्रंथालयातून पत्र येते, एखादे महाविद्यालय व्याख्यानाला बोलावते, कोणी वर्षभराने तो लेख शोधून वाचतो आणि मग पुस्तक मागवतो.

आपल्या हाती दोन महिने आहेत. या आठवड्यात ब्लॉग वाचून पाच नावे निश्चित करावीत आणि प्रकाशकांकडून उताऱ्याची संमती व ई-आवृत्तीविषयीचे उत्तर घ्यावे. पुढच्या आठवड्यात पाचही पत्रे जावीत. त्यानंतरच्या महिन्यात लेख लिहून व्हावेत, आणि पुस्तक बाजारात आल्यापासून दर दहा-बारा दिवसांनी एक, असे ते प्रसिद्ध व्हावेत. सुरुवात भाषेच्या लेखाने करावी, कारण आपल्या पत्रातले सर्वांत जिवंत वाक्य त्याविषयीचे होते. विडीच्या लेखासाठी मात्र आजच आईसोबत बसावे आणि तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. तिचे शब्द नंतर आठवून लिहिता येणार नाहीत.